वावडे असणाऱ्यांची बेकरी आणि सातासमुद्रापारचे गिऱ्हाईक

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारीचे कौतुक कोणी कोणाला सांगायला नको. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी, तिच्यावर शेंगाचटणी आणि शेजारी फोडलेला कांदा, एवढे ताटात पडले की इथल्या माणसाला दुसरे काही लागत नाही. हीच ज्वारी आज परदेशातल्या दुकानांत ‘ग्लूटेनमुक्त’ अशी पाटी लावून बसते आणि गव्हापेक्षा चढ्या भावाने विकली जाते, हे ऐकून आपल्या मंडळींचे डोळे विस्फारतात. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून तर या विषयाची चर्चा घरोघरी पोचली. बचतगटाच्या भगिनी, बेकरीचा वडिलोपार्जित धंदा चालवणारे तरुण, असे अनेक जण मला विचारतात, “डॉक्टर, आम्ही ज्वारी-नाचणीची बिस्किटे करतो. ती परदेशी पाठवता येतील का?”

प्रश्न धंद्याचा आहे. मग त्याचे उत्तर आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा धंदा इतर धंद्यांसारखा नाही. साधी खारी किंवा नानकटाई बिघडली तर गिऱ्हाईक फार तर नाक मुरडते आणि दुसऱ्या दुकानात जाते. ज्याला गव्हाचे, दुधाचे किंवा शेंगदाण्याचे वावडे आहे, त्याच्या हातात चुकीचा पुडा पडला तर त्याला दवाखाना गाठावा लागतो; क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. असा माणूस बिस्किटाची चव नंतर घेतो, आधी पुड्यावरची अक्षरे वाचतो. म्हणजे या बेकरीत बिस्किटाबरोबर विश्वासही विकला जातो, आणि परदेशी गिऱ्हाईक त्या विश्वासाचा लेखी पुरावा मागते. तो पुरावा कसा तयार होतो, हे आज पाहू.

वावडे तीन प्रकारचे

आपण बोलताना सगळ्यालाच ‘ॲलर्जी’ म्हणतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र यात तीन निरनिराळी दुखणी आहेत, आणि हा माल करणाऱ्याला त्यांतला फरक ठाऊक असलाच पाहिजे.

पहिले दुखणे म्हणजे सीलिॲक रोग. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. कणकेला जो ताण येतो आणि पाव जो फुगतो, तो याच प्रथिनामुळे. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते आणि शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते. अन्नरस शोषणारे मखमलीसारखे अस्तर झिजून सपाट होते. मग मूल कितीही खाल्ले तरी अंगाला लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा पंडुरोग ही त्याची लक्षणे. मोठ्या माणसांतही हा रोग आढळतो. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात पाहणी झाली, तेव्हा तो शंभरात सुमारे एकाला आढळला. दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

या रोगाचा आणि गव्हाचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने सिद्ध केला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि आश्चर्य असे की या रोगाची मुले त्या उपासमारीत सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागल्यावर त्यांचे दुखणे उलटले. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो पुराव्यानिशी मांडला. आजही या रोगावर गोळी किंवा इंजेक्शन नाही. आयुष्यभराचे पथ्य हेच औषध.

दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा. शेंगदाणा, काजू, तीळ, दूध, अंडे, गहू यांपैकी एखादा पदार्थ पोटात जाताच काही मिनिटांत अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, घसा आवळतो, दम लागतो. प्रसंगी रक्तदाब कोसळून माणूस दगावतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता जवळचे रुग्णालय गाठावे. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच त्यावर खरा उपाय.

तिसरा प्रकार म्हणजे न पचणे. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य कमी असले की दूध प्यायल्यावर पोट गुबारते, जुलाब होतात. याचा त्रास होतो, पण जीव जात नाही.

तिघांनाही ‘मुक्त’ माल हवा असतो, पण तिघांचा धोका सारखा नाही. तिसऱ्याला चमचाभर दूध चालून जाईल. दुसऱ्यातल्या एखाद्याला कणभर कूटही चालणार नाही. पहिल्याला एका वेळी काही जाणवणारही नाही, पण रोज थोडे थोडे ग्लूटेन पोटात जात राहिले तर आतडे आतून झिजत राहील. म्हणून आपण कोणासाठी माल करतो आहोत हे बेकरीवाल्याने आधी ठरवावे.

‘मुक्त’ या शब्दाचे वजन

आपल्याकडे कल्पना अशी असते की बिस्किटात मैदा घातला नाही म्हणजे ते ग्लूटेनमुक्त झाले. कायदा तसे मानत नाही. खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी ‘कोडेक्स’ संस्था, अमेरिका, युरोपीय संघ आणि आपले अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण या सर्वांनी एकच आकडा मानला आहे. एका किलोत ग्लूटेन २० मिलिग्रॅमच्या आत हवे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड तर त्याहून कडक. तपासणीत ग्लूटेन मुळीच सापडता कामा नये, असा तेथे नियम आहे.

२० मिलिग्रॅम म्हणजे किती? गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असते, असे धरून हिशेब करा. किलोभर ज्वारीच्या पिठात सुमारे पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे बोटांच्या चिमटीत मावणारी कणीक. आणि ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे. भट्टीच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही.

एका बेकरीवाल्या कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने, नावे वगळून सांगतो. त्यांच्या मुलीला सीलिॲक रोग निघाला. सहा वर्षांची पोर चार वर्षांच्या मुलीएवढी दिसायची. गहू बंद झाला आणि वर्षभरात पोरीने अंग धरले. आईने घरी ज्वारी-नाचणीची बिस्किटे करायला सुरुवात केली. पुढे अशाच इतर मुलांच्या आया मागू लागल्या. मग त्यांच्या विलायतेतल्या नणंदबाईंनी काही पुडे नेऊन तेथील एका दुकानदाराला दाखवले. त्याला चव पसंत पडली. “माल घेतो, पण आधी प्रयोगशाळेचा अहवाल पाठवा,” असे त्याने कळवले.

अहवाल आला तो धक्का देणारा. ग्लूटेन मर्यादेच्या कितीतरी वर. बाई अहवाल घेऊन दवाखान्यात आल्या. “डॉक्टरसाहेब, गव्हाचा एक दाणा मी घातलेला नाही. मग हे आले कुठून?”

मी विचारले, “वहिनी, ज्वारी दळता कुठे?”

“कोपऱ्यावरच्या गिरणीत. गेली वीस वर्षे तिथेच दळतो.”

गिरणीवाल्याचा यात काहीच दोष नव्हता. गावातली गिरणी जशी चालते तशीच ती चालत होती. आधी कोणाचे तरी गहू दळून झाले, जात्यात शेर-पावशेर कणीक राहिली, ती पुढच्याच्या ज्वारीत उतरली. आपल्या घरी याने काही बिघडत नाही. ज्याला पथ्य आहे त्याचे मात्र सगळे पथ्य वाया जाते.

मग शोध सुरूच झाला. ज्या ट्रेवर सकाळी खारी भाजायची त्याच ट्रेवर दुपारी ज्वारीची बिस्किटे. मैद्याची धूळ हवेत तासन् तास तरंगते आणि सगळीकडे बसते, तेव्हा नुसत्या फडक्याने ओटा पुसून काय होणार? मसाला बिस्किटात घातलेला बांधानी हिंग. त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. धान्य आणलेली पोती आधी गव्हाची. मळणी यंत्रही शेतात गहू, ज्वारी, हरभरा एकापाठोपाठ एक काढणारे.

त्या कुटुंबाने हट्ट धरला. वरच्या मजल्यावर वेगळी खोली केली. तेथे स्वतःची छोटी चक्की, नवे ट्रे, नवी परात, वेगळे कपडे आणि वेगळ्या चपला. खालच्या भट्टीतला माणूस वर येणार नाही, असा नियम केला. ज्वारी एकाच ओळखीच्या शेतकऱ्याकडून, नव्या पोत्यांत, आणि दळण्यापूर्वी निवडून घेतलेली. हिंग बंद. दुसरा अहवाल मर्यादेच्या आत आला, तिसराही आला. पहिला खोका बाहेर पडायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत त्यांनी जे बांधले ते त्यांच्या धंद्याचे खरे भांडवल, असे मी मानतो.

देश तितक्या याद्या

दुसरी अडचण यादीची. पुड्यावर कोणत्या पदार्थांचा ठळक उल्लेख हवा, हे प्रत्येक देश आपापले ठरवतो.

युरोपीय संघ व ब्रिटन यांच्या यादीत १४ पदार्थ आहेत : ग्लूटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, झिंगे-खेकडे, शिंपले, शेंगदाणे, काजू-बदाम वर्गातील कवचफळे, सोयाबीन, तीळ, मोहरी, सेलरी, ल्यूपिन नावाचे कडधान्य आणि सल्फाइट. घटकांच्या यादीतच ही नावे उठून दिसतील अशा अक्षरांत छापावी लागतात. अमेरिकेच्या यादीत आठ पदार्थ होते. २०२१ च्या कायद्याने तिळाची भर पडली आणि १ जानेवारी २०२३ पासून ते नऊ झाले. तेथे गव्हाचे नाव आहे, जवाचे नाही, मोहरीही नाही. कॅनडात मात्र मोहरी आहे. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांत तीळ आणि मोहरी ही दोन्ही नाहीत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. संक्रांतीचा तीळ आणि फोडणीची मोहरी आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती सांगण्याजोगी गोष्ट आहे असे वाटतच नाही. सोलापुरी माणसाला तर शेंगदाण्याच्या कुटाचे तसेच. पण येथे कायद्याला धरून छापलेला पुडा लंडनमध्ये कायदा मोडणारा ठरू शकतो.

तीळ एवढासा, तो काय करणार, असे वाटत असेल तर नताशा या ब्रिटिश मुलीची हकीगत ऐका. २०१६ च्या जुलैमध्ये पंधरा वर्षांची ही मुलगी विमानप्रवासाला निघाली असता तिने विमानतळावर एक भरलेला पाव विकत घेतला. तिला तिळाचे वावडे होते. तीळ पावाच्या पिठातच मळलेला होता आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. दुकानातच तयार केलेल्या मालाला तेव्हाच्या कायद्याने ती सक्तीही नव्हती. विमानात तिची प्रकृती बिघडली आणि ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये अशा मालावरही घटकांची संपूर्ण यादी छापणे सक्तीचे झाले. लोक त्याला ‘नताशाचा कायदा’ म्हणतात. परदेशी खरेदीदार आपल्याला शंभर प्रश्न विचारतो तेव्हा तो अडवणूक करतो असे आपल्याला वाटते. त्याच्या डोळ्यांपुढे ही मुलगी असते.

अमेरिकेत तिळाचा नियम आल्यावर एक विचित्र गोष्ट घडली. काही बेकऱ्यांनी तीळ काटेकोरपणे दूर ठेवण्याच्या खटपटीपेक्षा पिठात मुद्दाम थोडा तीळ घालून पुड्यावर ‘तीळ आहे’ असे छापणे पसंत केले. कायद्याचे शब्द पाळले गेले, पण तिळाचे वावडे असणाऱ्यांचा पाव मात्र दुकानातून नाहीसा झाला. मोठ्यांनी सोडून दिलेले हेच गिऱ्हाईक लहान पण प्रामाणिक बेकरीला मिळू शकते.

कागदपत्रे आणि पहिला खोका

आता प्रत्यक्ष निर्यातीकडे वळू. नातेवाइकांच्या बॅगेतून दिवाळीचा फराळ पाठवणे वेगळे आणि निर्यात वेगळी.

प्रथम एकच देश निवडावा. त्याची यादी, त्याची भाषा, त्याची मर्यादा यांचा अभ्यास करून एकच वेष्टन तयार करावे. एकाच वेळी पाच देशांच्या मागे लागणाऱ्याचे एकही वेष्टन धड होत नाही.

कागदपत्रांत परकीय व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात संकेतांक, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आणि बिस्किटे-बेकरी माल ज्या संस्थेच्या कक्षेत येतो त्या ‘अपेडा’कडील नोंदणी या मुख्य गोष्टी. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत निर्यातीला शून्य दर आहे. त्यासाठीचे हमीपत्र आधी भरून ठेवावे. अमेरिकेला माल पाठवायचा तर तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आपल्या कारखान्याची नोंदणी करावी लागते, ती सम वर्षांत नव्याने करावी लागते, आणि प्रत्येक खेपेची आगाऊ सूचना द्यावी लागते. तेथील आयातदारावर आपल्या मालाची खातरजमा करण्याचे कायदेशीर बंधन आहे, म्हणून तो आपल्या नोंदवह्या मागतो. सुरुवात लहान पार्सलांनी करायची तर टपाल खात्याने २०२२ पासून सुरू केलेल्या ‘डाक घर निर्यात केंद्रां’त मार्गदर्शन मिळते. आपल्या जिल्हा उद्योग केंद्रातही चौकशी करावी.

मालाच्या बाबतीत तीन गोष्टी सांगतो. युरोपात दूध, लोणी, अंडी असलेला माल पाठवताना प्राणिजन्य पदार्थांचे वेगळे, कडक नियम आडवे येतात. दूध-अंड्याविना बिस्किट जमले तर वावडे असणाऱ्या अधिक लोकांना ते चालते आणि कागदांचा एक मोठा गठ्ठाही कमी होतो. दुसरे, न्हावा शेवा बंदरातून निघालेला माल दुकानात पोचेपर्यंत कित्येक आठवडे जातात. बाजरीचे पीठ लवकर कडू होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून बिस्किट किती दिवस टिकते याची कसोटी आधी घ्यावी, मगच तारीख छापावी. तिसरे, ग्लूटेन नसलेले पीठ बांधले जात नाही. भाकरीला आपण उकळते पाणी घालतो ते त्यासाठीच. परदेशातल्या बेकऱ्या या कामी इसबगोलाचा भुसा वापरतात, आणि जगाला इसबगोल पुरवण्यात आपला देश सर्वांत पुढे आहे. बद्धकोष्ठावर आपण घेतो तोच हा इसबगोल पावाला धरून ठेवतो आणि पोटात चोथाही घालतो.

पैशाबाबत एकच सूचना. अनोळखी खरेदीदाराला उधारीवर माल देण्यापूर्वी बँकेचा सल्ला घ्यावा. परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवल्यास संरक्षण देणारी ‘ईसीजीसी’ ही सरकारी विमा संस्था १९५७ पासून काम करते आहे. मालामुळे कोणाला इजा झाल्यास येणाऱ्या दाव्याचा विमाही उतरवावा. या धंद्यात तो अनावश्यक खर्च समजू नये.

धंदा वाढतो कशाने?

आल्प्सच्या कुशीतल्या साउथ टायरोल या डोंगराळ इटालियन प्रांतात ‘डॉ. शेर’ नावाची कंपनी आहे. मुलांच्या पोषणाचे पदार्थ करणारी ही जुनी कंपनी १९८१ पासून ग्लूटेनमुक्त माल करू लागली. एवढ्याशा प्रांतात असे रोगी ते किती असणार? पण प्रत्येक देशात थोडे थोडे, असे जगभरचे गिऱ्हाईक जोडत तिने युरोपभर जम बसवला आणि पुढे अमेरिकेतही कारखाना काढला. वावड्याच्या मालाला निर्यात मानवते ती या कारणाने. एका गावात दहा गिऱ्हाइके असतात, त्यावर भट्टी पेटत नाही. शंभर गावांतली मिळून हजार झाली की पेटते.

परंतु वाढीबरोबर धोकाही वाढतो. नवा कामगार येतो, घाईच्या दिवसांत कोणी तरी खालचा ट्रे वर नेतो, पुरवठादार बेकिंग पावडर बदलतो आणि नव्या पावडरीत गव्हाचा स्टार्च असतो. म्हणून प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकापुढे धान्य कोणाचे, दळले कधी, भाजले कोणी, खोका गेला कोठे हे वहीत लिहावे. उद्या तक्रार आली तर तेवढाच माल परत मागवता येतो. वही नसेल तर सगळाच मागवावा लागतो. घाण्यातला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नेमाने तपासावा. आणि ‘अंश असू शकतो’ हे वाक्य अंगचोरीसाठी छापू नये. खरोखर धोका टळत नसेल तेव्हाच छापावे.

सात प्रकारची बिस्किटे करण्याचा मोह आवरावा. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची कडक भाकरी आणि ‘शेंगदाणा-तीळमुक्त’ बिस्किट ही एका खोलीत नांदत नाहीत. आपल्याकडची कडक भाकरी मुळातच ज्वारी-बाजरीची, टिकाऊ आणि वजनाला हलकी. तीळ न लावता, वेगळ्या जागेत ती केली तर तिला परदेशात मागणी का येऊ नये?

घरच्या गिऱ्हाइकाचे काय?

माझा खरा आग्रह येथेच आहे. परदेशी खरेदीदार अहवाल मागतो म्हणून आपण वेगळी चक्की घेतो. मग बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या मुलासाठी तीच का नको? निर्यातीचा माल निराळा आणि गावातला निराळा, असे कोणी करू लागला तर वैद्यकाच्या दृष्टीने तो गुन्हाच समजावा. आतडे सोलापूरचे काय आणि लंडनचे काय, सारखेच झिजते. निर्यातीसाठी जी शिस्त लागली तिचा पहिला लाभ आपल्या जिल्ह्यातील रुग्णाला मिळाला पाहिजे.

रुग्णांच्या पालकांसाठी काही सूचना देतो. ग्लूटेनमुक्त बिस्किट हे पथ्याचे असते, पौष्टिक असेलच असे नाही. त्यातही साखर आणि तूप असतेच. ज्याला काही दुखणे नाही त्याने ते फॅशन म्हणून खाण्याचे कारण नाही. मुलाला सीलिॲक रोगाची शंका असेल तर आपल्या मनाने गहू बंद करू नका. गहू चालू असतानाच रक्ताची तपासणी व गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करायची असते. आधीच गहू सोडला तर रोग असूनही तपासणीत दिसत नाही. निदान पक्के झाल्यावर मात्र पथ्यात सवलत नाही, सणालाही नाही.

आणि आपले स्वयंपाकघर विसरू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, बेसन यांत ग्लूटेन नसते. उपासाचे पदार्थ तर बहुतेक सारेच या मुलांना चालतात. शेंगदाण्याचे वावडे असेल तर मात्र कुटापासून सावध राहावे. रवा, शेवया, सातूचे पीठ, माल्ट घातलेली पेये यांना मज्जाव. दळण शक्यतो घरच्या चक्कीत करावे. ते जमत नसेल तर ज्या गिरणीत ज्वारीचे जाते वेगळे आहे अशीच गिरणी शोधावी.

ज्या भगिनींना आणि तरुणांना या धंद्यात उतरायचे आहे, त्यांनी एवढे करावे. उद्या सकाळी आपल्या बेकरीत धान्याच्या पोत्यापासून पुड्यापर्यंत एकदा चालत जावे आणि गहू, दूध, शेंगदाणा, तीळ कोठे कोठे भेटतो याची यादी लिहून काढावी. निर्यातीच्या अर्जाचा विचार त्यानंतर. ती यादी पुसून टाकता येत असेल तर परदेशाची वाट मोकळी आहे. येत नसेल तर आपला माल ‘ज्वारीचे बिस्किट’ म्हणून खुशाल विकावा, त्याला ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणू नये. ज्वारीचे बिस्किट म्हणूनही ते चांगलेच असते.